गॅल्व्हनोमीटरमधला गॅल्व्हानी

फर्स्ट इयरला फिजिक्सच्या लॅबमध्ये गॅल्व्हनोमीटर हाताळला नाही असा इंजिनीअर शोधून सापडायचा नाही. काटा शून्यावर आणायचा, रीडिंग घ्यायचं (किंवा मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवायचं!) आणि मोकळं व्हायचं. व्हायवाला सरांनी विचारलं की हे नाव कशावरून आलं, तर एका सायंटिस्टच्या नावावरून एवढं आपण सांगतो. त्या सायंटिस्टनं केलं काय, हे विचारायच्या आत घंटा झाली म्हणजे बरं!

मित्रांनो, या वर्षी मॅगझिनसाठी काहीतरी लिहायचं ठरवलं तेव्हा डॉ. कलाम, एडिसन, टेस्ला यांच्यावर आधीच बरेच लेख आलेले होते. मी लुइजी गॅल्व्हानी निवडला. हा माणूस इंजिनीअर नव्हता, फिजिक्सचा प्राध्यापकही नव्हता. तो होता डॉक्टर, आणि शिकवायचा शरीररचना अन् बाळंतपणाचं शास्त्र. तरी आपल्या गावाकडच्या घरावरच्या टिनाला आपण गॅल्व्हनाइज्ड म्हणतो ते त्याच्याच नावानं. १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनीअरनं लोखंडावर जस्ताचा थर चढवायचं पेटंट घेतलं आणि त्या पद्धतीला गॅल्व्हानीचं नाव दिलं. गॅल्व्हानी तोवर मरून जवळपास चाळीस वर्षं झाली होती. त्याचा टिनाशी काडीचाही संबंध नव्हता. त्याचा संबंध होता बेडकांशी, आणि त्या बेडकांपासून निघालेली वाट आज कुठं पोचली आहे ते कळल्यावर मला हा लेख लिहावासा वाटला. कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या डिप्रेशनवर मेंदूत बारीक तार सोडून करंट द्यायचा, या उपचाराचे प्रयोग सध्या जगात चालू आहेत. मुंबईतही असं ऑपरेशन झालेलं आहे. त्याबद्दल पुढं येईलच.

गॅल्व्हानीचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ चा, इटलीतल्या बोलोन्या गावचा. वडील सोनार. पोरगा लहानपणापासून देवभोळा, त्याला साधू व्हायचं होतं. घरच्यांनी समजूत घातली आणि डॉक्टरकीला टाकलं. (म्हणजे करिअर घरच्यांनी ठरवण्याची पद्धत काही आपल्याकडचीच नाही.) बोलोन्याचं विद्यापीठ युरोपातलं सगळ्यात जुनं समजलं जातं. तिथून १७५९ साली तो वैद्यक आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांत पदवीधर झाला. हाडांवर प्रबंध लिहिला, पक्ष्यांच्या मूत्रपिंडांवर आणि कानांवर काम केलं, सर्जरी केली, शिकवलं. लग्न केलं ते आपले प्राध्यापक गालेआत्सी यांच्या मुलीशी, लुचियाशी. लुचिया शिकलेली होती आणि नवऱ्याच्या प्रयोगांत सोबतीला असायची. प्रयोगशाळा घरातच होती. जोडीला दोन पुतणे-भाचे. मूलबाळ त्यांना झालं नाही.

आता ती बेडकाची गोष्ट. तुम्ही कुठंतरी वाचली असेल की लुचिया आजारी होती, तिच्यासाठी बेडकाचं सूप करायला घेतलं आणि ताटातला पाय अचानक उडाला. गोष्ट झकास आहे, पण तिच्यावर विसंबू नका. गॅल्व्हानीच्या स्वतःच्या वहीत १७८० च्या नोव्हेंबरपासून बेडकांवरच्या प्रयोगांच्या नोंदी आहेत. म्हणजे हा माणूस ठरवून, सिस्टिमॅटिक काम करत होता. पाठीच्या कण्याचा तुकडा, दोन मज्जातंतू आणि दोन पाय एवढंच ठेवून बेडूक तयार करायचा, आणि त्याच्या मज्जातंतूला वीज लावली तर स्नायू कसा आखडतो ते बघायचं. त्या काळात वीज म्हणजे काचेचं चाक फिरवून घर्षणानं तयार केलेली, लायडनच्या बरणीत साठवलेली. लायडनची बरणी म्हणजे आपला कपॅसिटर. बॅटरी तेव्हा जगात अस्तित्वातच नव्हती, हे लक्षात ठेवा.

जानेवारी १७८१. टेबलावर बेडूक, जरा अंतरावर विजेचं यंत्र. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मधे वायर नाही. मदतनिसानं चाकूचं टोक सहज मज्जातंतूला टेकवलं आणि पाय ताडकन आखडले. कोणाच्या तरी लक्षात आलं की नेमकं त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी पडली होती. आपल्यासारखा असता तर म्हणाला असता, लूज कनेक्शन असेल, सोडा! गॅल्व्हानीनं सोडलं नाही. पुढची दहा वर्षं त्यानं यात घातली. चाकूची मूठ हाडाची असेल तर काय होतं, लोखंडाची असेल तर काय होतं, यंत्र लांब नेलं तर काय होतं. एकेक गोष्ट बदलायची आणि बाकी तशीच ठेवायची. प्रॅक्टिकलची खरी पद्धत कोणाला बघायची असेल तर ती ही.

१७८६ साली त्यानं बेडूक गच्चीवर नेले. आकाशात वीज कडाडली की इकडं पाय उडत. मग स्वच्छ आभाळाच्या दिवशी कण्यात पितळी आकडे खुपसून ते बेडूक त्यानं लोखंडी कठड्याला टांगले. वाट पाहून कंटाळला आणि आकडा कठड्यावर दाबून बघितला. पाय उडाले. आभाळात ढग नाही, जवळ यंत्र नाही, मग वीज आली कुठून? खोलीत आणून लोखंडी पत्र्यावर तोच प्रयोग केला, तरी तेच.

गॅल्व्हानीचा निष्कर्ष असा, की वीज बेडकातच आहे. स्नायू म्हणजे भरलेली लायडनची बरणी, मज्जातंतू म्हणजे तिची तार, आणि धातूनं फक्त सर्किट पूर्ण केलं. प्राण्याच्या अंगात स्वतःची वीज असते आणि तीच मेंदूकडून मज्जातंतूंमार्गे स्नायूंपर्यंत जाते. १७९१ साली त्यानं हे लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या शेवटच्या भागात डॉक्टर जागा झालेला दिसतो. ही वीज बिघडली तर कोणते रोग होत असतील, लकवा, फेफरं, सांधेदुखी यांच्याशी तिचा काय संबंध असेल, बाहेरून वीज देऊन उपचार करता येतील का, याचा अंदाज त्यानं तिथं बांधलाय. अंदाजच. पण दिशा तीच.

हे छापून आलं तेव्हा लुचिया नव्हती. दम्यानं ती त्याआधीच गेली होती. घरातली बायको आणि लॅबमधली सोबतीण, दोन्ही एकदमच गेल्या. गॅल्व्हानी त्यातून पूर्ण सावरला नाही असं त्याचे चरित्रकार लिहितात.

आणि मग व्होल्टा आला!

अलेस्सांद्रो व्होल्टा, पाव्हियाचा फिजिक्सचा प्राध्यापक. आधी त्यानं गॅल्व्हानीचे प्रयोग स्वतः करून बघितले आणि त्याला ते पटले. १७९२ च्या सुमारास त्याचं मत फिरलं. त्याचं म्हणणं असं, की आकडा पितळेचा आणि कठडा लोखंडाचा, म्हणजे धातू दोन वेगवेगळे. दोन वेगळे धातू ओलाव्यातून जोडले की वीज तयार होते. बेडूक बिचारा नुसता मीटर आहे, करंट दाखवणारा. वीज धातूची, बेडकाची नाही.

आता तुम्हीच सांगा, बरोबर कोण? आपल्या पुस्तकाप्रमाणं व्होल्टा. १८०० साली त्यानं जस्त आणि चांदीच्या किंवा तांब्याच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे, अशी चळत रचून जगातली पहिली बॅटरी केली आणि वाद संपला असंच सगळ्यांना वाटलं. पण गॅल्व्हानीनं त्याआधीच उत्तर दिलेलं होतं. १७९४ साली एक निनावी पुस्तिका निघाली, ती त्याचीच मानतात. (स्वभावच असा. भांडणात स्वतःचं नाव पुढं करायला लाजणारा.) तिच्यात धातू अजिबात न वापरता केलेला प्रयोग होता. बेडकाचा मज्जातंतू उचलून त्याच्याच स्नायूला टेकवला, आणि पाय आखडला. १७९७ साली त्यानं याच्याही पुढं जाऊन एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्या पायाच्या मज्जातंतूला टेकवून दाखवला. ना पितळ, ना लोखंड. आता वीज कोणाची?

मला स्वतःला या माणसाच्या आयुष्यातली ही जागा सगळ्यात आवडते. व्होल्टानं शंका काढली नसती तर गॅल्व्हानी बिनधातूच्या प्रयोगाकडे वळला असता का? मला नाही वाटत. आणि बेडूक नसता तर व्होल्टाची बॅटरी झाली असती का? तीही नाही. एकानं चूक काढली म्हणून दुसऱ्यानं जास्त चांगला प्रयोग केला. सबमिशनच्या वेळी गाईडनं प्रोजेक्टमध्ये खोट काढली की आपण आठ दिवस तोंड फुगवून बसतो, तसं नाही.

याच काळात, साठीच्या उंबरठ्यावर, गॅल्व्हानी समुद्रकिनाऱ्याला गेला आणि टॉर्पेडो नावाचा, शॉक देणारा मासा अभ्यासून आला. माशाचं हृदय काढलं तरी थोडा वेळ तो शॉक देतो, मेंदू काढला की लगेच बंद, हे त्यानं बघितलं. म्हणजे शरीरातल्या विजेचं मूळ मेंदूकडे शोधायला पाहिजे, असं त्याचं मत पक्कं झालं.

पण बाहेर जग उलटंपालटं होत होतं. नेपोलियनच्या फौजा उत्तर इटलीत घुसल्या आणि सिसअल्पाइन प्रजासत्ताक नावाचं नवं राज्य तयार झालं. १७९८ च्या एप्रिलमध्ये सरकारी नोकरीतल्या सगळ्यांनी या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. ती शपथ गॅल्व्हानीच्या श्रद्धेत बसत नव्हती. त्यानं घेतली नाही. चाळीस वर्षांच्या आसपासची नोकरी, पद, पगार, सगळं गेलं. तो आपल्या भावाच्या घरी राहायला गेला. मित्रांनी खटपट केली, त्याची कीर्ती बघून सरकारनं त्याला सवलत द्यायचं ठरवलंही. पण त्याचा उपयोग व्हायच्या आत, ४ डिसेंबर १७९८ ला, तो वारला. वय एकसष्ट. बोलोन्याच्या कॉर्पुस डोमिनी चर्चमध्ये त्याला लुचियाच्या शेजारी पुरलं. व्होल्टानं पुढं १८०१ साली पॅरिसला नेपोलियनसमोर बॅटरी दाखवली, सुवर्णपदक मिळवलं, मग काउंट झाला. मी व्होल्टाला नावं ठेवत नाही. त्याची बॅटरी खरीच होती. पण नोकरी गेलेला, बायको गेलेली, वादात हरलेला समजला गेलेला गॅल्व्हानी भावाच्या घरात शेवटचे महिने कसे काढत असेल, हे राहून राहून मनात येतं. त्याला आजच्या भाषेतलं डिप्रेशन होतं असं मी म्हणणार नाही, कारण ते कोणी तपासलेलं नाही. दुःख आणि डिप्रेशन या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो.

ती गल्लत कशी होते ते मी घरात बघितलंय. दर्यापूरकडे माझे एक मामा आहेत, कोरडवाहू शेती, कपाशी अन् तूर. दोन हंगाम हा माणूस ओट्यावर नुसता बसून होता. पेरणी नाही, बोलणं नाही, जेवणाचं ताट समोर तसंच. कर्ज होतं, पण गावात सगळ्यांनाच होतं. लोक म्हणायचे काम नको म्हणून सोंग करून राह्यला. कोणी म्हणे करणी झाली. एका ठिकाणी नेऊन अंगारा लावून आणला. शेवटी अमरावतीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, तोवर दीड वर्ष गेलं होतं. पहिल्या गोळीनं काही नाही, दुसरीनं काही नाही, तिसरी लागू पडली. आता मामा सकाळी उठून वावरात जातात आणि आम्हाला शिव्याही घालतात. आधी काहून नेलं नाही, याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडेच नाही.

मामांची गोष्ट मधेच सांगायचं कारण म्हणजे गॅल्व्हानीनंतरचा पुढचा रुग्ण शेतकरीच होता.

गॅल्व्हानीचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी, मामाच्या लॅबमध्ये वाढलेला. मामा बुजरा, तर भाचा एकदम उलट. स्टेजवरचा माणूस! मामाची बाजू घेऊन तो युरोपभर फिरला. १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला बॅटरी लावून त्यानं जबडा हलवून, डोळा उघडून दाखवला आणि लोकांची गाळण उडवली. फ्रँकेन्स्टाइनच्या गोष्टीमागं जी हवा होती ती अशाच प्रयोगांची. गॅल्व्हानीचं नाव बदनाम व्हायला हा तमाशाही थोडा कारणीभूत झाला, असं माझं मत. पण याच आल्दिनीनं १८०१ साली बोलोन्याच्या सांत ओर्सोला हॉस्पिटलात एक वेगळंच काम केलं. लुइजी लान्झारिनी नावाचा सत्तावीस वर्षांचा शेतकरी तिथं मेलँकोलियासाठी, म्हणजे खोल उदासीसाठी, दाखल होता. आल्दिनीनं आधी स्वतःच्या डोक्याला करंट लावून घेतला. त्याची काही दिवस झोप उडाली, पण जिवाला धोका नाही एवढं कळलं. मग व्होल्टाच्या बॅटरीनं लान्झारिनीच्या डोक्याला पुन्हापुन्हा प्रवाह दिला. हळूहळू त्याची उदासी कमी झाली आणि तो बरा होऊन हॉस्पिटलबाहेर पडला, असं आल्दिनीनं १८०४ च्या आपल्या पुस्तकात नोंदवलंय.

विचार मामाचा, बॅटरी मामाच्या विरोधकाची, आणि रुग्ण एक उदास शेतकरी!

आता इथं आपण इंजिनीअर म्हणून जरा थांबायला पाहिजे. सँपल साइज किती? एक. तुलनेला दुसरा रुग्ण होता का, ज्याच्याजवळ बॅटरी आणली पण लावली नाही? नव्हता. त्या शेतकऱ्याकडे रोज कोणीतरी येत होतं, त्याची विचारपूस करत होतं. तो त्यानंही सुधारला असू शकतो, किंवा आपोआपही. म्हणजे परत तोच व्होल्टाचा प्रश्न. पाय उडाला हे खरं, पण कशामुळं उडाला? हा प्रश्न पुढं दोनशे वर्षांनी जसाच्या तसा उभा राहिलाय.

मधली दोनशे वर्षं मी पटकन ओलांडतो. १८४० च्या दशकात मात्तेउच्ची आणि द्यू ब्वा-रेमाँ यांनी स्नायू आणि मज्जातंतूंतला करंट प्रत्यक्ष मोजला, तोही सुधारलेल्या गॅल्व्हनोमीटरनं. गॅल्व्हानी बरोबर होता हे गॅल्व्हानीच्याच नावाच्या मीटरनं सिद्ध झालं. १९५२ साली हॉजकिन आणि हक्स्ली यांनी मज्जातंतूत सोडियम-पोटॅशियमच्या आयनांमुळे विजेची लाट कशी पळते त्याची समीकरणंच मांडली, आणि १९६३ मध्ये नोबेल घेतलं. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी शॉक ट्रीटमेंट सुरू केली. हिंदी पिक्चरमध्ये हातपाय बांधून, दात आवळून शॉक देतात ते बघून आपल्याला धडकी भरते. खरं तर आज ती भूल देऊन आणि स्नायू सैल करून देतात. तसं न करता देण्यावर आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. गंभीर डिप्रेशनमध्ये तिचा चांगला उपयोग होतो. पण तिच्यात करंट अख्ख्या डोक्यातून जातो. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डी.बी.एस., हे प्रकरण वेगळं.

डी.बी.एस. म्हणजे मेंदूचा पेसमेकर समजा. कवटीला छोटं भोक पाडून साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूत खोलवर, ठरलेल्या जागी नेतात. तिच्या टोकाशी सहसा चार धातूचे संपर्क असतात. तिथून कातडीखालून वायर मानेतून खाली, आणि छातीत कातडीखाली बॅटरी आणि पल्स जनरेटर. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्ल गावी बेनाबिद यांनी हातापायांच्या कंपावर ही पद्धत आणली आणि पार्किन्सनच्या रुग्णांना तिचा फार फायदा झाला. फ्रिक्वेन्सी साधारण १३० हर्ट्झ, पल्स ६० ते ९० मायक्रोसेकंदांची, व्होल्टेज काही व्होल्ट. कॅल्क्युलेटर काढा. ३ व्होल्ट, रेझिस्टन्स १ किलोओहम धरला तर पल्स चालू असताना ९ मिलिवॅट. ९० मायक्रोसेकंदांची पल्स सेकंदाला १३० वेळा, म्हणजे ड्यूटी सायकल जेमतेम १.१७ टक्के. सरासरी पॉवर निघाली ०.१ मिलिवॅट. आपल्या नांदगाव पेठेतल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता १३५० मेगावॅट आहे. त्या केंद्राची चिमणी बघत मोठा होणाऱ्या आपल्यासारख्यांना वीज म्हणजे काहीतरी अवाढव्यच वाटते. इथं एका मिलिवॅटचा दहावा भाग, आणि थरथरणारा हात शांत होतो.

डिप्रेशनकडे हे वळलं २००५ मध्ये. टोरंटोमध्ये हेलन मेबर्ग या न्यूरॉलॉजिस्ट आणि आंद्रेस लोझानो या सर्जननी सहा रुग्ण घेतले. गोळ्या, समुपदेशन, शॉक, सगळं करून थकलेले. असे रुग्ण थोडेथोडके नसतात. २००६ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकामागून एक चार उपचार करूनही निदान एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले नव्हते. माझे मामा तिसऱ्या गोळीला बरे झाले. झाले नसते तर? मेबर्ग यांनी मेंदूच्या पुढच्या भागात, आत खोलवर, एरिया २५ म्हणून ओळखली जाणारी जागा निवडली, कारण डिप्रेशनमध्ये ती जागा जास्त काम करते असं त्यांना स्कॅनमध्ये दिसलं होतं. ऑपरेशन चालू असताना, रुग्ण जागे असताना, करंट सोडल्यावर काहींना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं, खोलीतले रंग उजळल्यासारखं वाटलं. सहा महिन्यांनी सहापैकी चौघांत स्पष्ट सुधारणा टिकून होती.

जगभर गाजावाजा झाला. आणि मग व्होल्टाचा प्रश्न आला. मोठी चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांना तार बसवली, पण काहींची बॅटरी सुरुवातीचे सहा महिने मुद्दाम बंद ठेवली, रुग्णाला न कळू देता. चालू बॅटरीवाले आणि बंद बॅटरीवाले यांच्यात म्हणावा असा फरकच दिसला नाही! चाचणी मधेच थांबवली आणि २०१७ मध्ये निकाल छापून आले. दुसऱ्या एका जागी तार बसवलेल्या चाचणीचीही २०१५ मध्ये हीच गत झाली होती. ऑपरेशनच्या आशेनं, डॉक्टरांच्या लक्षानंही माणूस काही काळ सुधारतो. पण गंमत अशी, की त्याच रुग्णांची बॅटरी पुढं चालू ठेवून दोन वर्षांनी तपासलं तर बऱ्याच जणांत चांगली सुधारणा दिसली. मग सहा महिने कमी पडले का? तार अचूक जागी बसली नव्हती का? की रुग्णांची निवड चुकली? गॅल्व्हानीसारखं आता यांनाही जास्त चांगला प्रयोग करावा लागतोय. २०२४ मध्ये अमेरिकेत नवी मोठी चाचणी सुरू झाली. तोवर हा उपचार प्रायोगिकच आहे. कोणी तो हमखास म्हणून सांगितला तर विश्वास ठेवू नका. मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेत. खर्च लाखांत आहे, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलात डॉ. परेश दोशी हे काम करतात. २०२२ मध्ये परदेशातून आलेल्या, बरीच वर्षं डिप्रेशन सोसलेल्या एका रुग्णावर तिथं डी.बी.एस. झालं. २०१७ च्या कायद्यामुळं मानसिक आजारासाठी असं ऑपरेशन करायचं तर रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती लागते आणि मानसिक आरोग्य मंडळाची परवानगीही लागते. एकट्या सर्जनला ठरवता येत नाही. मेंदूच्या ऑपरेशनांचा जुना इतिहास बघता ही अट मला योग्य वाटते. लोबोटॉमीच्या नावाखाली हजारो लोकांचे मेंदू कापून टाकले होते, आणि त्याला १९४९ मध्ये नोबेलसुद्धा मिळालं होतं!

हॉस्टेलवाल्यांसाठी एक गोष्ट मधेच सांगतो. डी.बी.एस. ही अगदी शेवटच्या पायरीची गोष्ट झाली. पहिल्या पायऱ्या सोप्या आहेत. रूममेट आठ-आठ दिवस मेसला येत नसेल, लेक्चर सोडून खोलीत पडून असेल, तर त्याला नौटंकी करू नको म्हणण्याआधी जवळ बसा, रेक्टर सरांना सांगा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बॅक राहिला म्हणून सगळ्यांचाच मूड जातो, पण तो पंधरा दिवसांत परत येतो. परत येतच नसेल तर ते डॉक्टरचं काम.

गॅल्व्हानीकडे परत येतो, कारण सगळ्यात नवी बातमी त्याला आवडली असती असं मला वाटतं. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या मेंदूत असं यंत्र बसवलं की जे सतत करंट देत नाही. ते आधी ऐकतं. मेंदूच्या एका भागात त्या रुग्णाची स्वतःची वीज एका ठराविक ढंगात उसळली, की उदासीची लाट येतेय हे त्यावरून ओळखतं, आणि मग दुसऱ्या जागी फक्त सहा सेकंद, एक मिलिअँपिअरचा प्रवाह सोडतं. क्लोज्ड लूप कंट्रोल म्हणून आपण थर्ड इयरला जे शिकतो तेच. अंगातली वीज मोजणारा सेन्सर आणि बाहेरून वीज देणारी बॅटरी, दोन्ही एकाच डबीत. रुग्ण चांगला सुधारला. मात्र हाही एकाच रुग्णावरचा प्रयोग आहे, लान्झारिनीसारखा. बॅटरी बंद ठेवलेला दुसरा रुग्ण त्यातही नव्हता.